झाकलेल्या रोबोंचा हिवाळा

थंडी पडली आणि आमच्या घरातली जुनी सोलापुरी चादर दिसेनाशी झाली. परवापर्यंत ती माझ्या पायथ्याशी होती. ती आता पांघरण्याच्या लायकीची राहिलेली नाही, मधेमधे विरली आहे, एका कोपऱ्याला सोल्डरिंगने पडलेलं भोक आहे. पण पायांवर टाकायला बरी. "चादर कुठे गेली?" असं मी स्मिताला, म्हणजे बायकोला, विचारलं. "मला काय माहीत? शोध की. शोधायचाच तर पगार घेतोस," ती म्हणाली. मी भोसरीच्या एका कारखान्यात गाड्यांचे सुटे भाग तपासतो. समोर आलेला प्रत्येक तुकडा चुकीचाच आहे असं धरून चालायचं, आणि मापात बसलाच तर नाइलाजाने पुढे सोडायचा, हे माझं काम. त्यात जन्म शनिवार पेठेतला. भाजीवाल्याने न मागता कढीपत्ता जास्त घातला, तर आई आधी तराजूकडे बघायची, मग त्याच्याकडे, आणि मगच पिशवी पुढे करायची. हा गुण मला तिच्याकडून आला आणि मला त्याची लाज वाटत नाही.

त्याच संध्याकाळी पालकांच्या ग्रुपवर निरोप आला: यंदाच्या रोबो स्पर्धांसाठी शाळांनी नावं द्यावीत. आमची गार्गी यंदा दहावीत आहे, ती खेळणार नाही, तरी मी त्या ग्रुपमधून बाहेर पडलेलो नाही. कशाला राहिलायस, असं स्मिता विचारते. मी म्हणतो, लक्ष ठेवायला. निरोप वाचला आणि बिबवेवाडीतल्या आमच्या चिंचोळ्या स्वयंपाकघरात, फोडणीच्या वासातून, मला चक्क सोल्डरिंगच्या धुराचा वास आला.

हुरड्याचा असतो, आंब्याचा असतो, तसा आमच्या घरी काही हिवाळे रोबोचा मोसम होता. तेव्हा जेवणाच्या टेबलावर जेवण सोडून सगळं असायचं. पडद्याला गरम गोंदाच्या तारा चिकटलेल्या. पेरूच्या फोडींना तिखटमिठाबरोबर मशीनच्या तेलाचा वास. एकदा वरणात नट सापडला. मी तो धुतला, मापला, आणि बरोबर मापाचा निघाला म्हणून परत केला. गार्गी आणि तिच्या टीममधल्या दोघी मैत्रिणी फरशीवर पालथ्या पडून बोलायच्या. "अगं, मोटर स्टॉल होतेय, लोड जास्तये, तू पुली चेंज कर ना!" त्यात मराठी शोधावी लागायची. मी चहाचा कप घेऊन दारात उभा राहायचो आणि स्क्रू नीट आवळलेत का, एवढंच विचारायचो. "बाबा, तू ऑफिसात नाहीयेस," गार्गी मान वर न करता म्हणायची.

तेव्हा स्पर्धा एकच असायची. जुन्नरपासून बारामतीपर्यंतच्या शाळा एका रविवारी शहरातल्या एका सभागृहात उतरायच्या. पहाटे निघालेली मुलं, डोळ्यांवर झोप, मांडीवर पुठ्ठ्याचं खोकं आणि खोक्यात जपून आणलेला रोबो. सकाळी सामने, दुपारी निवडक टीमांची शेवटची फेरी, संध्याकाळी बक्षिसं. ज्याची बॅटरी सकाळी रुसली त्याचं वर्ष गेलं. आमची वर्षं अशीच गेली. एकदा वायर तुटली. एकदा चाक सुटून प्रेक्षकांत गेलं. एकदा काय झालं ते अजून कळलेलं नाही, आणि मला त्यात घातपाताचा संशय आहे. मग दुपारची फेरी आम्ही वरच्या रांगेत बसून बघायचो. गार्गी डबा मांडीवर घेऊन बसायची, उघडायची नाही. खालची मुलं ओरडत असायची आणि ही त्यांच्याकडे अशी बघायची, की मला तिच्याकडे बघवायचं नाही.

त्या सभागृहात एक लांब टेबल असायचं. ज्याच्याकडे जे जास्तीचं असेल ते त्यावर ठेवायचं आणि ज्याला लागेल त्याने उचलायचं. जुन्नरच्या मुलांची चाकं, कुणाची बॅटरी, आमचा पान्हा. पान्ह्याला मी स्मिताच्या नेलपॉलिशची खूण केली होती. तो दर वर्षी परत आला. खूण होती म्हणूनच आला, असं माझं मत आहे.

मागच्या वर्षी पाऊस ओसरता ओसरता हे सगळं बदलायचं ठरलं. शनिवार पेठेतल्या एका शाळेत शिक्षकांची आणि पालकांची बैठक होती. मुलांच्या बाकांवर गुडघे दुमडून आम्ही मोठी माणसं बसलो होतो. खडकवासल्याच्या वाटेवर ज्यांची शाळा आहे ते रायकर सर उभे राहिले. त्यांचं गाव शहरात आलं, शेतांच्या जागी इमारती आल्या, आणि उरलेल्या एका तुकड्यावर त्यांनी शाळा काढली. माणूस धिप्पाड, आवाज बांधावरून हाक मारल्यासारखा.

"एका दिवसात पोराचं काय कळतंय?" ते म्हणाले. "चार भागांत चार छोट्या स्पर्धा घेऊ. परत्येक टीमनं त्यातल्या दोन खेळायच्या, गुण जमा करायचे, आन् शेवटाला एक मोठी स्पर्धा. पंच म्हणून दुसऱ्या भागातले पालक. आपल्या पोराला आपण गुण द्यायचे न्हाईत. आन् जागेची काळजी नगं, आमचा हॉल हाय की. फुकट घ्या."

फुकट हा शब्द ऐकला की शनिवार पेठेत लोक ताठ बसतात. मागच्या बाकावरचे एक निवृत्त मास्तर चष्मा पुसत म्हणाले, "यात आपला फायदा काय, तेवढं आधी सांगा."

"फायदा कसला? पोरं खेळतील."

"अहो, पोरं आमच्या जिन्यातही खेळतात. आपण हॉलचं बोला."

सगळे हसले, रायकरही हसले. मी हसलो नाही. मला हिशेब दिसत होता. हॉल त्यांचा, म्हणजे सराव त्यांच्या मुलांचा. स्पर्धा चार ठिकाणी, म्हणजे ज्याच्याकडे गाडी तो पुढे. आणि एवढा मोठा माणूस उगाच आपली इस्त्री मोडून आमच्या बाकावर येऊन बसतो का? तरी मत द्यायची वेळ आली तेव्हा मी बदलाच्या बाजूने हात वर केला. गार्गी नववीत होती. दहावीत रोबो नाही, खोकं माळ्यावर, हे स्मिताने आधीच सांगून टाकलं होतं आणि गार्गीने मान हलवली होती. म्हणजे हा शेवटचा हिवाळा. गार्गीला एकदाच, फक्त एकदा, दुपारच्या त्या फेरीत खेळायचं होतं. एका सकाळऐवजी तिला दोन संधी मिळत असतील, तर मी कुणाच्याही हॉलमध्ये जायला तयार होतो. फक्त मापायची टेप बरोबर घेऊन.

त्या वर्षीचा खेळ साधा होता. दोन रोबोंची एक जोडी, समोर दुसरी जोडी. जमिनीवरचे ठोकळे उचलून फळ्यांवर ठेवायचे. खालची फळी सोपी, सगळ्यात वरची अवघड, आणि तिचे गुण जास्त. दिवाळीच्या सुट्टीत या तिघींनी एक हात बनवला, घडीच्या शिडीसारखा उलगडत जाणारा. फराळाचे डबे बाजूला सारून त्याची चाचणी झाली. हात करकरत वर गेला आणि आमच्या फ्रिजच्या डोक्यावर ठोकळा ठेवून खाली आला, तेव्हा मी तपासायचं विसरून टाळ्या वाजवल्या. पुढच्या खेपेला तो मधेच अडकला आणि खाली येईना.

पहिली छोटी स्पर्धा आमच्याच भागात होती. हात अजून अडकत होता म्हणून तो घरीच ठेवला. गुण बेताचेच मिळाले. पण तिथे मला एक नवीन गोष्ट दिसली, ती म्हणजे चादरी. पूर्वी एका दिवसात सगळं उरकायचं, दुसऱ्याचं पाहिलं तरी बनवायला वेळ कुठे असायचा? आता दोन स्पर्धांच्या मधे आठवडे होते. पाहिलेलं घरी जाऊन बनवता येत होतं, आणि हे सगळ्यांच्याच लक्षात आलं होतं. कुणी रोबोवर टॉवेल टाकला होता, कुणी खिडकीचा पडदा, एका शाळेने तर शिक्षक दिनाचा कापडी फलक. पालक आपल्या मुलांचे फोटो काढतोय असं दाखवून शेजारच्या टेबलाचे काढत होते. जास्तीच्या वस्तूंच्या टेबलावर कापलेल्या केबल टायचा एक पुंजका आणि कुणाची तरी पाण्याची बाटली होती. मला त्या गर्दीत पहिल्यांदाच घरच्यासारखं वाटलं.

दुसरी स्पर्धा रायकरांच्या हॉलमध्ये. सिंहगड रस्त्याने आम्ही निघालो तेव्हा धरणाच्या बाजूने असा गारठा येत होता, की स्कूटरवाले एका हाताने हँडल आणि एका हाताने कान धरून चालले होते. मी मुद्दाम लवकर पोचलो. हॉलमध्ये चिटपाखरू नव्हतं. मी गुडघ्यांवर बसून मैदान मापलं. लांबी, रुंदी, फळ्यांची उंची, जमिनीचा उतार. सगळं नियमाप्रमाणे, सुतासारखं सरळ. असा तुकडा कारखान्यात आला की मी दुसऱ्यांदा मापतो. मापलं. पुन्हा तेच. उठलो तर मागे रायकर चहा घेऊन उभे.

"साहेब, बरोबर हाय ना?"

"आहे," मी म्हणालो.

"तुमी मापणार म्हणून मीबी काल दोनदा मापलं," ते म्हणाले आणि चहा माझ्या हातात दिला. चहा चांगला होता. त्यानेही माझं समाधान झालं नाही.

गार्गीची टीम आली. हात आता चालत होता. मी पिशवीतून सोलापुरी चादर काढली.

"बाबा, त्याला थंडी नाही वाजत."

"झाक. आणि तो हात आज वापरायचा नाही. खालच्या फळीवर खेळा. शेवटच्या स्पर्धेत एकदम काढायचा."

"शेवटच्या स्पर्धेत दुपारी आपल्याला घेणार कोण?" गार्गी म्हणाली. नियम असा होता, की त्या दिवशी सकाळच्या सामन्यांत वर राहणाऱ्या सहा टीमा उरलेल्यांतून एकेक जोडीदार निवडणार आणि दुपारी फक्त त्याच जोड्या खेळणार. न निवडलेल्यांनी डबा खाऊन घरी जायचं. "आपण पहिल्या सहात नसणार, बाबा. आपल्याला कुणीतरी मागायला हवं. आणि जे दिसलंच नाही ते कोण मागेल?"

"आधी चोरतील, मग मागतील," मी म्हणालो.

तिने माझं मन राखायला चादर घातली. मग शेवटच्या सामन्यात, हरल्यातच जमा होतो तेव्हा, तिने हात उलगडला. करकरत तो वर गेला, वरच्या फळीवर ठोकळा ठेवला, आणि खाली येताना अडकला. हॉलमध्ये आधी "ओह" झालं, मग "अरेरे." सामना संपला तर सासवडची लहान मुलं आमच्या टेबलाभोवती. गार्गीने चादर बाजूला फेकली आणि ती त्यांना एकेक सांधा दाखवत बसली. कुठली पट्टी, कुठला दोरा, कशाने वर जातो, कशाने अडकतो, सगळं. रायकरांच्या शाळेच्या टीमची कप्तान प्रणाली तिथेच उकिडवी बसली होती. "काका, व्हिडिओ काढू?" तिने मला विचारलं. विचारून नेणाऱ्यांवर मी जास्त नजर ठेवतो. मी काही बोलायच्या आत गार्गीच म्हणाली, "काढ ना, या बाजूने ये, लाइट आहे."

निघताना प्रत्येक मुलाच्या हातात प्रमाणपत्राबरोबर एक गुळगुळीत कागद पडला. एका बाजूला रायकरांच्या शाळेचे प्रवेश सुरू, दुसऱ्या बाजूला त्यांच्या भावाच्या इमारतीतल्या फ्लॅटचं चित्र, बाल्कनीत हसरं कुटुंब. सापडला फायदा! मी तो कागद घरापर्यंत हातात धरून नेला आणि स्मितासमोर टेबलावर ठेवला.

"मिळालं ना तुला जे पाहिजे होतं ते?" ती म्हणाली. "आता जेवून घे."

पण मला नीट जेवण गेलं नाही. हेतू सापडला होता, मैदान मात्र सरळ होतं. दोन्ही एकाच माणसाचं कसं, हे मला बसवता येईना. आजही येत नाही. आणि बदल चांगला झाला की वाईट, हेही मला सांगता येत नाही. जुन्नरच्या मुलांना आता एक वायर तुटली म्हणून वर्षभर थांबावं लागत नव्हतं, पण दोनदा पहाटे उठून दोनदा प्रवास करावा लागत होता. पंच परके होते हे उत्तम, पण ते लांब टेबल ओस पडलं त्याचं काय? मोठी माणसं मुलांच्या खेळाची फेरमांडणी करतात तेव्हा नियम मुलांच्या हाती येतात आणि सवयी आमच्या. चादरी काही मुलांनी घरून आणल्या नव्हत्या.

दोन्हींचे गुण मिळून जेमतेम पुरले आणि आम्ही मोठ्या स्पर्धेत पोचलो, तीही पुन्हा रायकरांच्याच हॉलमध्ये. मी भुवया वर केल्या, पण कुणी बघत नव्हतं. आत शिरलो आणि माझी चादर हातातच राहिली. सासवडच्या टेबलावर तस्सा हात. पलीकडे आणखी एका टेबलावर तस्साच.

"बघितलंस?" मी गार्गीच्या कानाशी म्हणालो. "आपला हात!"

"आपला हात!" ती मोठ्याने म्हणाली आणि मैत्रिणींना ओढत तिकडे धावली. शब्द तेच होते, माझा राग तिच्या बोलण्यात कुठेच नव्हता.

सकाळ बेताची गेली. हात कधी चालला, कधी अडकला. पहिल्या सहात नाव नव्हतंच. मग निवडीची वेळ आली. उरलेल्या टीमांचे कप्तान भिंतीशी ओळीने उभे राहिले. गार्गी कडेला, स्वेटरच्या बाह्यांत हात ओढून घेतलेले. सासवडसारखी एखाददुसरी टीम सोडली तर प्रत्येक टेबलावर चादरी, टॉवेल, पडदे; सकाळीही बहुतेकांनी खालच्या फळीवरच खेळून दुपारसाठी काहीतरी राखून ठेवलं होतं. वरच्या टीमा टेबलांकडे बघत होत्या, आपसांत कुजबुजत होत्या, आणि कुणाच्या पडद्याखाली काय आहे हे कुणालाच ठाऊक नव्हतं. या मुलीचा डबा मी या वर्षीही बंदच घरी नेणार, असं मला वाटलं.

पहिला मान प्रणालीच्या टीमचा. तिने माइक घेतला, ओळीकडे बघितलं आणि म्हणाली, "बिबवेवाडी."

गार्गी जागची हललीच नाही. मैत्रिणींनी तिला ढकललं तेव्हा ती पुढे गेली, आणि जाताना तिने बाहीने डोळे पुसले. मीही चादर काखेत मारून टाळ्या वाजवल्या, हे मान्य. पण ते क्षणभर. लगेच मनात पाल चुकचुकली: पहिला मान आणि आमची टीम? का? मी सरळ रायकरांना गाठलं.

"आमचीच का निवडली?"

"मी कुटं निवडली साहेब? पोरींनी निवडली. ती बगा प्रणाली, तिलाच इचारा."

प्रणाली बॅटरी बदलत होती. तिने वर न बघता सांगितलं, "काका, बाकीच्यांच्या आम्ही चादरी बघितल्या. तुमचा रोबो बघितला. अडकतो कुठे तेसुद्धा माहितेय, म्हणजे आम्ही सांभाळून घेऊ ना."

मी परत टेबलाशी आलो. गार्गीने चादरीची नीट घडी घातली होती. ती माझ्या हातात देत म्हणाली, "ही तू घे बाबा. थंडी तुलाच वाजतेय." शनिवार पेठेतली माझी आई असती तर नातीला जवळ घेऊन शाबासकी दिली असती.

दुपारची फेरी मी ती चादर अंगावर घेऊन बघितली. हॉलमध्ये खरंच गारठा होता. पहिला सामना आम्ही जिंकलो. दुसरा सासवडशी. त्यांचा हात, म्हणजे आमचाच हात, वर गेला, खाली आला, पुन्हा वर गेला, एकदाही अडकला नाही. आम्ही हरलो. मी वाक्य तयार ठेवलं होतं. 'मी सांगत नव्हतो?' एवढंच. गार्गी मैदानावरून आली ती माझ्याकडे आलीच नाही. सासवडच्या टेबलाखाली गुडघे टेकून बसली आणि तिथूनच ओरडली, "बाबा, इकडे ये! त्यांनी पुली वर घेतलीय. म्हणून अडकत नाही. अरे, मला कसं सुचलं नाही?" मग सासवडच्या छोट्या मुलीला तिने विचारलं, "व्हिडिओ काढू?"

माझं वाक्य तसंच राहिलं. परतताना सिंहगड रस्त्यावरच्या गर्दीत गाडी मुंगीच्या पावलांनी चालली होती, आणि मागच्या सीटवर गार्गीने डबा उघडला. पोळ्या गार, भाजी गार. तिने सगळं संपवलं आणि बोट फिरवून डबा पुसून खाल्ला. घरी गेल्यावर खोकं माळ्यावर चढवलं ते तिनेच, कुणी सांगायच्या आधी.

हे सगळं आठवत मी त्या संध्याकाळी चादर शोधत घरभर फिरलो. गार्गी क्लासला गेली होती. तिच्या खोलीत टेबलावर पुस्तकांचा ढीग आणि ढिगावर आमची सोलापुरी चादर. धूळ बसू नये म्हणून असेल, असं दुसऱ्या कुणाला वाटलं असतं. पुस्तकांवर धूळ बसायची भीती या मुलीला कधीपासून वाटायला लागली? मी कोपरा उचलला.

कडेने विज्ञान, भूगोल, बीजगणित रचलेलं होतं. मधे पोकळी. पोकळीत माळ्यावरचा तो हात, सांधे सुटे केलेले, अर्धा पुन्हा जोडलेला. पुली वर घेतलेली. हॉलभर लोकांना जिने सगळं उघडून दाखवलं, तिने चादर घातली ती घरात, आमच्यापासून. मला वाईट वाटलं. खूप वाटलं. तिने निदान मला तरी सांगायचं होतं. मग मी वाकून पुलीचा स्क्रू चाचपला. नीट आवळलेला होता.

"सापडली का रे चादर?" स्वयंपाकघरातून स्मिताने विचारलं. तिची पावलं इकडेच येत होती.

"नाही," मी म्हणालो, कोपरा जसा होता तसा खाली सोडला, आणि बाहेर लोंबणारी लाल वायर बोटाने आत सारली.